नदी वाचवा, पण नाव घेऊ नका

काही वर्षांपूर्वी जूनमध्ये शाळा उघडल्यावर पर्यावरण दिनानिमित्त आमच्या भागातल्या शाळांसाठी वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय ‘नदी वाचवा’. खर्च एका कंपनीचा, आयोजन एका पर्यावरण संस्थेचे. नियमांच्या कागदावर शेवटची ओळ होती : भाषणात कोणत्याही उद्योगाचा उल्लेख करू नये. वालधुनीच्या काठावर राहणाऱ्या नववीतल्या एका मुलीने मला विचारले, “सर, मग पाणी काळं कोणी केलं म्हणून सांगू?” मी तिला ‘प्रदूषणाने’ असे लिहून दिले. तो शब्द मला अजून टोचतो.

आपल्या या पट्ट्याचा इतिहास पाण्याशिवाय सांगता येत नाही. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे, तेही वालधुनीच्या काठी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत आले आणि १९४९ मध्ये तिथे उल्हासनगर वसले. शहराला नाव मिळाले ते नदीवरूनच. पुढे कारखाने आले. शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहन्याला एनआरसी, अंबरनाथ-बदलापूरला एमआयडीसी. या कारखान्यांनी हजारो घरांत चूल पेटवली, हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण सांडपाणीही नदीतच गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत चोरून रसायन सोडले गेले आणि उल्हासनगरात शेकडो माणसांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालय गाठावे लागले.

योगायोग असा की त्याच वर्षी, १ एप्रिल २०१४ पासून, देशात सीएसआरचा कायदा लागू झाला होता. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. कामांच्या यादीत पर्यावरण आहे, माती-हवा-पाण्याचा दर्जा राखणे आहे. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये यादीत गंगा स्वच्छता निधीचे नाव वेगळे घातले गेले. उल्हासचे नाव कोण घालणार!

या कायद्यातली एक बारीक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. जे काम दुसऱ्या कायद्याने बंधनकारकच आहे, ते सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे आपले सांडपाणी शुद्ध करणे हे दान नव्हे, ते देणे आहे. दान त्यानंतर सुरू होते. प्रत्यक्षात लोकांच्या डोळ्यांसमोर येते ते मात्र दानच. रोपे, टी-शर्ट, टोप्या, बॅनर. शुद्धीकरण केंद्रावर बॅनर लावून फोटो काढायला कोण जातो?

आणि नदीसाठी खरा फरक पडला तो कुठून? ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जुलै २०१५ मध्ये लवादाच्या पुणे खंडपीठाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक संस्थांवर सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई लादली. मामला पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. उल्हासनगरचे जीन्स धुण्याचे कारखानेही याच लढाईत अडकले. त्यात हातावर पोट असलेले मजूर होते, त्यांची रोजी गेली. त्यांच्यासाठी कोणाचा निधी आला, हे मी शोधले तर मला काही सापडले नाही. खटला लढायला कोणती कंपनी पैसे देईल? रोपाला पैसे मिळतात, वकिलाला मिळत नाहीत.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेतल्या सिएरा क्लब या जुन्या संस्थेने २००७ ते २०१० या काळात चेसापीक एनर्जी या वायू कंपनीशी संबंधित लोकांकडून अडीच कोटी डॉलरहून अधिक रक्कम घेतली. पैसा कोळशाविरुद्धच्या मोहिमेसाठी होता. कोळसा हटला की वायूची विक्री वाढणार, हा हिशोब उघडच होता. २०१२ मध्ये बातमी फुटली तेव्हा संस्थेचे सदस्यच चिडले. दुसरीकडे ग्रीनपीस कंपन्यांचे आणि सरकारांचे पैसे घेत नाही, लोकांच्या वर्गणीवर चालते. आपल्याकडे टेरी ही संस्था १९७४ मध्ये टाटांच्या पैशातूनच उभी राहिली. नावातही आधी टाटा होते, ते २००३ मध्ये बदलले. तिचे प्रमुख राजेंद्र पचौरी हवामान बदलावरच्या आयपीसीसीचे अध्यक्ष झाले. तेव्हा कंपनीचा पैसा आला की काम खोटेच, असे मी म्हणणार नाही.

मला इथे वक्फची आठवण येते. (आजच्या राजकीय वादाबद्दल बोलत नाही, मूळ कल्पनेबद्दल बोलतोय.) विहीर एकदा वक्फ केली की वाकिफला ती परत मागता येत नाही. पाणी पिणारा त्याच्याविरुद्ध बोलला म्हणून दोर ओढून घेता येत नाही. सीएसआरचा चेक दरवर्षी नव्याने येतो. संस्थेच्या कार्यालयाचे भाडे, दोन-तीन पोरांचे पगार त्यावर चालतात. मग कोणी धमकी द्यायची गरजच उरत नाही. संस्था आपणहून ओळ लिहिते : उद्योगाचा उल्लेख करू नये.

हवामान बदलाचे संकट आपल्याला पुस्तकात वाचायची गरज नाही. २६ जुलै २००५ आपण पाहिला. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले. प्रत्येक पूर हवामान बदलामुळेच आला असे नाही, पण तापलेल्या हवेत मुसळधार पावसाचे दिवस वाढतात आणि गाळाने, भरावाने आवळलेल्या नदीला ते झेपत नाहीत. या कामाला पैसा लागणारच, तोही मोठा. तो कंपन्यांकडून आला तरी हरकत नाही. फक्त किती आला, कोणाकडून आला आणि कोणत्या अटीवर आला, हे संस्थेने आपल्या दारावर लिहावे.

त्या मुलीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले होते. पुन्हा तसे पत्र आले तर मी ती शेवटची ओळ खोडायला सांगणार आहे. नाही खोडली, तर स्पर्धा वर्गातच घेऊ. प्रमाणपत्रे उर्दू आणि मराठीत मी हाताने लिहीन.