परत येणारा अग्निबाण

दिवाळीच्या रात्री रिकाम्या बाटलीत उभा केलेला बाण सूं करीत आकाशात जातो, क्षणभर तारे उधळतो आणि विझतो. त्याची जळकी काडी दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी कौलावर सापडते. तो सुखरूप परत यावा अशी अपेक्षा कोणीच करीत नाही. पेशवाईतील लष्करात बाण हे शस्त्र होते. त्यानेही शत्रूवर जाऊन पडावे, एवढेच त्याचे काम. परंतु १९५४ साली अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील नॉर्फोक या गावी जोड्यांचे दुकान चालविणाऱ्या एका गृहस्थाने असा बाण तयार केला, की जो वर जाऊन पुन्हा हळुवारपणे खाली उतरे आणि पुन्हा उडविता येई. मुलांच्या हाती आज जे छोटे अग्निबाण दिसतात, त्यांचा इतिहास या दुकानापासून सुरू होतो.

या गृहस्थांचे नाव ऑर्व्हिल कार्लाइल. शोभेच्या दारूकामाचा त्यांना मोठा नाद. त्यांचे बंधू रॉबर्ट यांना विमानांच्या लहान प्रतिकृती करण्याचा छंद होता. अग्निबाण कोणत्या तत्त्वावर उडतो यावर रॉबर्ट व्याख्याने देत, आणि ते प्रत्यक्ष दाखविण्यासाठी त्यांना एखादे साधन हवे होते. एका भावाला दारूचे गुण ठाऊक, दुसऱ्याला हलक्या लाकडाचे आणि हवेचे. या दोन विद्या एकत्र आल्या आणि कागदी नळीचा, बाल्सा लाकडाच्या पंखांचा, पोटात हवाई छत्री बाळगणारा एक अग्निबाण जन्मास आला. त्यांनी त्याचे नाव ‘रॉक-ए-शूट’ असे ठेवले.

ही केवळ दोन भावांची करमणूक राहिली असती. तथापि तो काळ निराळा होता. महायुद्धानंतर अग्निबाणांच्या बातम्यांनी अमेरिकेतील मुलांची मने भारून टाकली होती. घराच्या मागे, गॅरेजमध्ये, तळघरात ती स्वतःच बाण बनवू लागली. कोणी आगकाड्यांची डोकी खरवडून, तर कोणी जस्ताची भुकटी आणि गंधक मिसळून ते लोखंडी नळीत ठासून भरी. अशी नळी उडाली तर उडाली. न उडता फुटली तर तिचे तुकडे बॉम्बच्या तुकड्यांप्रमाणे अंगात घुसत. कित्येक मुलांनी बोटे गमावली, डोळे गमावले. काहींनी प्राणही गमावले.

न्यू मेक्सिकोमधील व्हाइट सँड्स येथील लष्करी तळावर जी. हॅरी स्टाइन नावाचे एक तरुण अधिकारी होते. खऱ्याखुऱ्या अग्निबाणांच्या उड्डाणात कोणाला इजा होऊ नये, हे पाहणे हे त्यांचे काम. मुलांच्या या धोकादायक प्रयोगांविषयी त्यांनी मासिकांतून लिहिले. ते लेखन कार्लाइल यांच्या वाचनात आले आणि जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी आपल्या बाणांचे नमुने स्टाइन यांच्याकडे धाडले. स्टाइन यांनी ते उडवून पाहिले. ज्या रोगाविषयी ते लिहीत होते, त्याचे औषध पेटीत बंद होऊन त्यांच्या दारी आले होते.

या औषधाचे मर्म त्या छोट्या एंजिनात आहे. जाड कागदाची एक नळी. तिच्या एका टोकाला मातीची बारीक तोटी. आत दाबून बसविलेली बंदुकीची दारू. दारू पेटली की वायू तोटीतून वेगाने मागे धावतो आणि बाण पुढे झेपावतो. हे सारे सेकंद-दोन सेकंदांत आटोपते. त्यानंतर दुसरा, सावकाश जळणारा थर पेटतो. तो जोर देत नाही, फक्त धूर सोडतो. तेवढ्या वेळात बाण आपल्याच वेगाने शिखर गाठतो. शेवटी दारूची एक लहानशी चिमूट पुढच्या दिशेने उडते, टोक ढकलून देते आणि हवाई छत्री उघडते. मुलाने यातील एकाही थराला हात लावावयाचा नसतो. एंजिन कारखान्यातून बंद होऊन येते. ते जागेवर बसवावे, वापरावे आणि फेकून द्यावे. बाण मात्र टिकतो.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि मुलांच्या उत्साहास भरतेच आले. त्याच वर्षी स्टाइन यांनी डेन्व्हर येथे सहकाऱ्यांसह असे बाण विकणारी कंपनी काढली. या छंदाची राष्ट्रीय संघटनाही त्याच वर्षी स्थापन झाली. परंतु एंजिने वेळेवर मिळेनात, आणि मिळत ती भरवशाची नसत. तेव्हा दारूकाम करणाऱ्या घराण्यातील व्हर्नन एस्टिस यांना विचारणा झाली. त्यांनी एक यंत्रच उभारले आणि त्यास ‘मेबल’ असे लाडके नाव दिले. दर साडेपाच सेकंदांस एक एंजिन ते तयार करी. स्टाइन यांच्या कंपनीला इतकी एंजिने खपविता येईनात आणि पुढे ती कंपनी बसली; एस्टिस यांनी मात्र १९६० पासून बाणांचे सुटे भागही पेटीतून विकण्यास प्रारंभ केला आणि १९६१ साली कोलोराडोतील पेनरोझ या गावी कारखाना हलविला.

नवशिक्याच्या पेटीत एक कागदी नळी, शंकूच्या आकाराचे टोक, तीन-चार पंख, पातळ छत्री आणि टोक नळीशी बांधून ठेवणारी रबरी दोरी असते. पंख नळीला अगदी सरळ चिकटविणे हे कौशल्याचे काम. ते तिरपे बसले तर बाण गिरक्या घेतो. बाणाचा तोल जेथे सांभाळला जातो तो बिंदू, हवेचा दाब ज्या बिंदूवर एकवटतो त्याच्या पुढे असावा लागतो. हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. एंजिन बसवून बाण तोलाच्या जागी दोरीने बांधावा आणि डोक्याभोवती फिरवावा. तो टोक पुढे करून फिरला, तर सरळ उडेल. छत्रीची घडी करण्याआधी तिच्याखाली न जळणारा कागद कोंबावा लागतो, नाहीतर ती करपते.

उड्डाणाचे नियम स्टाइन यांनी लष्करी तळावरील अनुभवातून घालून दिले. बाणात धातू नको. वात पेटवावयाची ती आगकाडीने नव्हे, विजेने. आणि लहान एंजिनासाठीही निदान १५ फूट दूर उभे राहून. बाण सळईवर उभा करावा, पाचपासून उलटे मोजावे, मगच कळ दाबावी. तो उडाला नाही तर वीज तोडून एक मिनिट थांबावे. विजेच्या तारांत अडकलेला बाण काढावयास जाऊ नये.

यावर कोणी आक्षेप घेईल, की तयार एंजिन हाती दिल्याने मुलाची जिज्ञासा अर्ध्यावरच थांबते. वेस्ट व्हर्जिनियातील कोलवुड या कोळशाच्या खाणीच्या गावची मुले याचे उदाहरण म्हणून दाखविता येतील. होमर हिकम आणि त्याच्या मित्रांनी १९५७ नंतर स्वतःच बाण बनविले. पहिल्या प्रयोगात त्याच्या आईच्या गुलाबबागेचे कुंपण उडाले. पण १९६० साली राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात त्यास सुवर्णपदक मिळाले आणि पुढे तो अंतराळ संस्थेत अभियंता झाला. तथापि हे विसरू नये, की त्याच्या पाठीशी खाणीतील कसबी कारागीर होते आणि फ्रीडा रायली यांच्यासारखी शिक्षिका होती. असे पाठबळ प्रत्येक गावात असतेच असे नाही. ज्या मुलापाशी केवळ कुतूहल आणि लोखंडी नळी आहे, त्याचे काय, हा प्रश्न कार्लाइल आणि स्टाइन यांच्यापुढे होता.

त्या मुलास ‘हे करू नकोस’ असे सांगणे सोपे होते. पुष्कळांनी तसे सांगितलेही, आणि मुलांनी ते ऐकले नाही. या दोघांनी बंदी न घालता कामाची वाटणी केली. दारू हाताळणे जाणत्याकडे ठेविले. मोजणे, चिकटविणे, तोलणे, थांबणे आणि चूक शोधणे मुलाकडे दिले. म्हणूनच मोकळ्या मैदानात छत्री उघडून बाण खाली येऊ लागतो, तेव्हा त्याच्यामागे धावणाऱ्या मुलाचे दोन्ही हात तो झेलण्यासाठी शाबूत असतात.