विज्ञान-नुआर चित्रपटांतील माणूसपण

विज्ञान-नुआर (अन्य नाव: टेक-नुआर) हा विज्ञानकथा आणि फिल्म नुआर या दोन चित्रपटप्रकारांच्या संयोगातून निर्माण झालेला उपप्रकार आहे. भविष्यकालीन किंवा कल्पित महानगर, रात्र, पाऊस, एखादा गुन्हा आणि त्याचा एकाकी तपास करणारा नायक ही त्याची बाह्य लक्षणे होत. गुन्हेगार कोण, या प्रश्नापासून सुरू झालेला तपास या चित्रपटांत बहुधा माणूस कोणाला म्हणावे, या प्रश्नापाशी येऊन ठेपतो. 'अल्फाव्हिल' (१९६५), 'ब्लेड रनर' (१९८२), 'घोस्ट इन द शेल' (१९९५), 'गॅटाका' (१९९७), 'डार्क सिटी' (१९९८), 'मायनॉरिटी रिपोर्ट' (२००२) आणि 'ब्लेड रनर २०४९' (२०१७) हे या प्रकारातील प्रमुख चित्रपट मानले जातात.

संज्ञा आणि पूर्वपीठिका

'नुआर' या फ्रेंच शब्दाचा अर्थ 'काळा' असा आहे. नीनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकाने १९४६ मध्ये काही अमेरिकन गुन्हेपटांना उद्देशून 'फिल्म नुआर' ही संज्ञा वापरली. गडद छायाप्रकाश, भ्रष्ट शहर, संशयास्पद स्त्री-पुरुष आणि स्वतःही पूर्णतः निर्दोष नसलेला गुप्तहेर ही या चित्रपटांची वैशिष्ट्ये होती. 'टेक-नुआर' हे नाव जेम्स कॅमेरॉन यांच्या 'द टर्मिनेटर' (१९८४) या चित्रपटातील एका नाइटक्लबच्या नावावरून रूढ झाले.

या प्रकाराची मुळे त्याहून जुनी आहेत. 'रोबोट' हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' (१९२०) या नाटकातून जगभर पोहोचला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे सक्तीचे श्रम. मराठीत त्याला 'वेठ' हा नेमका प्रतिशब्द आहे. त्यामुळे कृत्रिम माणसाची आधुनिक कल्पना प्रारंभापासूनच श्रम आणि मालकी यांच्याशी जोडलेली आहे. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांच्या 'मेट्रोपोलिस' (१९२७) मध्ये मारिया या तरुणीचे रूप एका यंत्राला दिले जाते आणि कामगारांना खरी मारिया व यंत्र यांतील फरक ओळखता येत नाही. लांग यांनीच पुढे अमेरिकेत 'द बिग हीट' (१९५३) यांसारखे नुआर चित्रपट दिग्दर्शित केले.

माणूसपणाविषयीची मांडणी

भाषा आणि भावना

फ्रेंच दिग्दर्शक जाँ-लुक गोदार यांच्या 'अल्फाव्हिल' मध्ये 'अल्फा ६०' नावाचा संगणक एका नगरावर राज्य करतो. तेथे अश्रू ढाळणे हा देहान्त शिक्षेस पात्र असा गुन्हा आहे आणि शब्दकोशातून एकेक शब्द नाहीसा होत जातो. या चित्रपटासाठी भविष्याचा कोणताही देखावा उभारण्यात आला नव्हता. तत्कालीन पॅरिसमधील इमारती व रस्तेच चित्रित करण्यात आले. माणूसपण हरवण्यासाठी भविष्यकाळाची वाट पाहावी लागत नाही, असा त्याचा आशय समीक्षकांनी मांडला आहे. नायिका नताशा हिला प्रेम व्यक्त करणारे शब्द स्वतःहून उच्चारता येतात, तेव्हाच ती या नगराच्या प्रभावातून मुक्त होते. या चित्रपटास १९६५ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात सुवर्ण अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

सहवेदना आणि परीक्षा

रिडली स्कॉट यांचा 'ब्लेड रनर' हा चित्रपट फिलिप के. डिक यांच्या १९६८ मधील कादंबरीवर आधारित आहे. कथा नोव्हेंबर २०१९ मधील लॉस एंजेलिस शहरात घडते. 'रेप्लिकंट' नावाचे कृत्रिम मानव पृथ्वीबाहेरील वसाहतींत गुलाम म्हणून राबवले जातात. पळून आलेल्या रेप्लिकंटांना शोधून ठार करणे हे डेकार्ड या नायकाचे काम आहे. मात्र शासकीय भाषेत या हत्येला 'निवृत्ती' म्हटले जाते.

रेप्लिकंट ओळखण्यासाठी 'व्हॉइट-कॅम्फ' चाचणी घेतली जाते. भावना चाळवणारे प्रश्न विचारून डोळ्याच्या बाहुलीतील बदल मोजणे, असे तिचे स्वरूप आहे. सहवेदना हे माणसाचे व्यवच्छेदक लक्षण आहे, हे तिचे गृहीतक. चित्रपटाची घटनाक्रमाची मांडणी मात्र या गृहीतकाला परीक्षकाच्याच विरुद्ध वळवते. डेकार्ड पळणाऱ्या रेप्लिकंटच्या पाठीत गोळ्या घालतो, तर आपल्या साथीदारांच्या मृत्यूने रॉय बॅटी हा रेप्लिकंट व्याकूळ होतो. अखेरीस बॅटी आपल्या मारेकऱ्यालाच छतावरून पडण्यापासून वाचवतो आणि नंतर शांतपणे मरण पावतो. परीक्षा घेणाऱ्याची परीक्षा कोणी घ्यायची, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

स्मृती

नुआर चित्रपटांत स्मृती हा पुरावा असतो. विज्ञान-नुआर त्या पुराव्यावरच शंका घेतो. 'ब्लेड रनर' मधील रेचल आपल्या बालपणाचे छायाचित्र दाखवते, परंतु तिच्या आठवणी दुसऱ्याच एका स्त्रीच्या असल्याचे तिला सांगितले जाते. मामोरू ओशी यांच्या 'घोस्ट इन द शेल' या जपानी सचेतपटात कचरा वाहून नेणारा एक कामगार आपल्या मुलीसाठी झुरत असतो. त्याला पत्नी वा मुलगी कधीच नव्हती, या आठवणी त्याच्या मेंदूत घातलेल्या आहेत, हे चौकशीत उघड होते. त्याने मुलीचे म्हणून दाखवलेल्या छायाचित्रात मुलगी नसतेच.

अॅलेक्स प्रोयास यांच्या 'डार्क सिटी' मध्ये परग्रहवासी दर मध्यरात्री संपूर्ण शहर झोपवून नागरिकांच्या स्मृतींची अदलाबदल करतात. आत्मा म्हणजे स्मृतींची बेरीज आहे काय, हे त्यांना शोधायचे असते. खुनी माणसाच्या स्मृती मिळाल्या तर मनुष्य खुनी होतो का, हा त्यांचा प्रयोग नायकाच्या बाबतीत फसतो.

देह, जनुके आणि इच्छास्वातंत्र्य

अँड्र्यू निकोल यांच्या 'गॅटाका' मध्ये यंत्रमानव नाहीत. येथे माणसेच जनुकांवरून श्रेष्ठ व अपात्र अशा गटांत विभागलेली आहेत. कामाच्या ठिकाणी प्रवेश करताना दररोज बोटाला टोचून रक्त तपासले जाते. नैसर्गिकरीत्या जन्मलेला, हृदयविकाराची शक्यता असलेला व्हिन्सेंट दुसऱ्याचे रक्त वापरून अंतराळवीर होण्याचे स्वप्न पाहतो. एका खुनामुळे त्याचे सोंग उघडे पडण्याची वेळ येते. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'मायनॉरिटी रिपोर्ट' मध्ये गुन्हा घडण्यापूर्वीच अटक होते. भाकीत ऐकल्यावरही मनुष्य वेगळा निर्णय घेऊ शकतो का, यावर या चित्रपटाचे कथानक उभे आहे.

विशेष असणे आणि कृती

डेनिस व्हिलनव्ह यांच्या 'ब्लेड रनर २०४९' चा नायक 'के' हा स्वतः रेप्लिकंट आहे. आपण निर्माण केलेलो नसून जन्मलेलो आहोत, असा समज त्याला एका आठवणीमुळे होतो आणि काही काळ तो स्वतःला विशेष मानू लागतो. ती आठवण दुसऱ्याची निघते. हा आधार गेल्यानंतरही तो एका वृद्ध पित्याची त्याच्या मुलीशी भेट घडवून आणतो आणि त्यासाठी प्राण गमावतो. जन्म, स्मृती आणि देह ही सर्व प्रमाणे निकालात निघाल्यावर उरलेली कृती, ही या चित्रपटाची माणूसपणाची व्याख्या ठरते. या चित्रपटाने छायालेखक रॉजर डीकिन्स यांना पहिला ऑस्कर पुरस्कार मिळवून दिला.

मराठी संदर्भ

मराठीत विज्ञान-नुआर चित्रपटांची स्वतंत्र परंपरा निर्माण झालेली नाही. सुजय डहाके दिग्दर्शित 'फुंतरू' (२०१६) हा विज्ञानकथेवर आधारित मोजक्या मराठी चित्रपटांपैकी एक असून, त्यात एक विद्यार्थी आपल्या आवडत्या मुलीची त्रिमितीय आभासी प्रतिकृती तयार करतो. साहित्यात मात्र हा विषय आधीच आला होता. जयंत नारळीकर यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत लुप्त झालेल्या एका प्रगत संस्कृतीच्या ज्ञानातून यंत्रमानव घडवला जातो. मराठी विज्ञान परिषदेच्या (स्थापना १९६६) कथास्पर्धांनी अशा लेखनास व्यासपीठ दिले.

या चित्रपटांतील दोन मध्यवर्ती कल्पना, वेठ आणि मुखवटा, महाराष्ट्राच्या उत्तर कोकणात वेगळ्या रूपात आढळतात. येथे चित्रपटांवरील प्रभावाचा संबंध नाही. तुलना केवळ आशयाची आहे.

पहिली कल्पना वेठीची. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव व डहाणू भागात १९४५ मध्ये वारली समाजाने किसान सभेच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पती-पत्नी जमीनदाराकडे राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हटले जाई. या लढ्याचा वृत्तान्त सांगणाऱ्या गोदावरी परुळेकर यांच्या पुस्तकाचे नाव 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) असे आहे. त्यास साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. ज्याच्याकडून फुकट काम घ्यायचे, त्याचे माणूसपण आधी नाकारले जाते, हे रेप्लिकंटांच्या कथेतील सूत्र येथे इतिहास म्हणून भेटते.

दुसरी कल्पना मुखवट्याची. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांत बोहाडा हा मुखवटा-नृत्याचा उत्सव साजरा होतो. गणपती, नरसिंह, रावण, महिषासुर, जगदंबा इत्यादींची सोंगे रात्रभर मशालींच्या उजेडात संबळाच्या तालावर नाचवली जातात. अनेक सोंगे विशिष्ट घराण्यांकडे परंपरेने चालत आलेली असतात. मुखवट्यामागे कोण आहे, हे गावाला ठाऊक असते. तरीही सोंग नाचत असताना त्यास देवतेचा मान दिला जातो. विज्ञान-नुआरमध्ये चेहरा मानवी असतो आणि त्यामागे कोण आहे, हे शोधून काढून त्याला नष्ट करायचे असते. बोहाड्यात चेहरा अमानवी असतो आणि त्यामागील माणसाची ओळख कोणालाही सिद्ध करावी लागत नाही. ओळख ही तपासणीतून मिळते की नात्यातून, या प्रश्नाची ही दोन टोके होत.

टीका

या चित्रपटांवर स्त्रीवादी समीक्षकांनी आक्षेप घेतले आहेत. रेचल किंवा 'ब्लेड रनर २०४९' मधील जॉय ही आभासी सखी या पुरुषाने घडवलेल्या वा विकत घेतलेल्या स्त्रिया आहेत आणि माणूस होण्याचा प्रवास मुख्यतः पुरुष नायकाच्या वाट्याला येतो, असे त्यांचे म्हणणे आहे. आशियाई लिपी, बाजार व खाद्यपदार्थ पार्श्वभूमीवर भरपूर असताना आशियाई पात्रांना महत्त्व नसणे, तसेच गुलामगिरीची कथा बहुतांशी श्वेतवर्णी चेहऱ्यांतून सांगणे, हेही दोष दाखवले जातात. माणूसपणाची व्याख्या व्यापक करू पाहणारे चित्रपट स्वतःच काही माणसांना पार्श्वभूमीवर ठेवतात, हा या टीकेचा सारांश आहे.

समकालीन महत्त्व

'ब्लेड रनर' मधील २०१९ हे वर्ष मागे पडले आहे. रेप्लिकंट प्रत्यक्षात आले नाहीत. परंतु यंत्रासमोर स्वतःची ओळख सिद्ध करणे नित्याचे झाले आहे. भारतात शिधावाटप दुकानांत अंगठ्याच्या ठशावरून लाभार्थीची ओळख पटवली जाते. अंगमेहनतीने वा वयोमानाने ठसे झिजलेल्या व्यक्तींची ओळख यंत्राला पटत नाही, ही सर्वज्ञात अडचण आहे. अशा वेळी रांगेत उभे असलेले शेजारी त्या व्यक्तीला नावानिशी ओळखत असतात, यंत्र मात्र ओळखत नाही. संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रसारामुळे यंत्र माणसासारखे होईल काय, याची चर्चा वाढली आहे. विज्ञान-नुआर चित्रपटांचा रोख मात्र प्रामुख्याने दुसऱ्या प्रश्नाकडे राहिला आहे: माणसाची कसोटी कोण ठरवतो, आणि त्या कसोटीत नापास झालेल्याशी तो कसा वागतो.