लॉकरबी, सात वाजून तीन मिनिटं

21 डिसेंबर 1988. वेळा ब्रिटनच्या.

17:40 च्या सुमारास. हीथ्रो. फ्रँकफर्टहून आलेल्या बोइंग 727 मधल्या बॅगा थेट न्यूयॉर्कच्या पॅन ॲम 103 मध्ये चढतात. इथे पुन्हा एक्स-रे नाही. त्यांतल्या काही जातात एव्हीई 4041 या कंटेनरात. त्याची जागा पुढच्या कार्गोत, डाव्या अंगाला.

18:25. उड्डाण. आत 259 जण.

18:56. उंची 31,000 फूट.

19:02:50. रडारवर एका खुणेच्या जागी अनेक ठिपके दिसतात, आणि ते वाऱ्याबरोबर पूर्वेकडे पांगत जातात. कॉकपिटमधल्या रेकॉर्डरवर क्षणभराचा आवाज, मग काही नाही.

यापुढची नोंद विमानातल्या कुठल्याच यंत्राने ठेवली नाही. तपासनिसांनी ती शेतांतून वेचली.

पुढचे दोन-तीन सेकंद. नाकाचा भाग तुटतो आणि जाताजाता तिसऱ्या इंजिनावर आदळतो. ते इंजिन लॉकरबी गावात पडलं. नाक गावापासून चार किलोमीटर पूर्वेला, टंडरगार्थच्या चर्चसमोरच्या शेतात, डाव्या कुशीवर.

त्यानंतर. अवशेषांचे पट्टे दोन निघाले. दक्षिणेकडच्या पट्ट्यात पुढच्या कार्गोतलं सामान होतं, म्हणजे वर, अगदी सुरुवातीला सुटलेलं. त्यातले हलके तुकडे वाऱ्याने पार इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत नेले. उत्तरेचा पट्टा मात्र अरुंद आणि सरळ, त्यात शेपटीकडचा भाग. मला हाच जास्त बोलका वाटतो. पुढे सरकत असलेलं विमान तुकडे टाकत गेलं असतं, तर ते आडवेतिडवे पसरले असते. वेगवेगळ्या उंचीवरून सुटूनही ते वाऱ्याच्या एकाच रेषेत पडायचे, तर विमान तेव्हा जवळजवळ उभं खाली येत असलं पाहिजे. तपासनिसांनी तो टप्पा साधारण 19,000 ते 9,000 फुटांमधला ठरवला.

19:03:36. इंधनाने भरलेले पंख गावातल्या शेरवुड क्रेसेंट या रस्त्यावर. 47 मीटर लांब खड्डा. भूकंपमापकावर नोंद झाली, म्हणून ही वेळ सेकंदासकट सांगता येते. गावातले 11 जण गेले. एकूण 270.

आणि कंटेनर? त्याची नंबराची पत्र्याची पाटी चुरगळलेल्या अवस्थेत सापडली. तिच्या घडीत सर्किट बोर्डाचा छोटासा तुकडा अडकला होता, तोशिबाच्या रेडिओ-कॅसेट प्लेअरचा. बॉम्ब त्यातच होता.