सोलापूर जिल्ह्यातील गजीनृत्य आणि निसर्ग : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा, सांगोला व माळशिरस हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. तेथील माळरानांवर धनगर समाजाने मेंढपाळीचे जीवन घडविले. गजीनृत्य हे या समाजाचे वैशिष्ट्यपूर्ण लोकनृत्य होय. त्याच्या निसर्गसंबंधाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नृत्य आणि ऋतुचक्र :
अतिपाऊस मेंढ्यांना मानवत नाही. म्हणून मेंढपाळ पावसाळा या कोरड्या मुलखात काढतात व दसरा-दिवाळीनंतर चाऱ्यासाठी बाहेर पडतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवितो. त्याला खत मिळते व मेंढपाळास धान्य. वाडे पांगण्यापूर्वी समाज एकत्र असतो, तो सणाचा काळ गजीनृत्याचा होय. हुलजंती (ता. मंगळवेढा) येथील महालिंगरायाची यात्राही दिवाळीतच भरते. पांढरा पायघोळ झगा, डोक्यास फेटा व हातात रंगीत रुमाल अशा वेशात पुरुष ढोल-झांजेच्या तालावर नाचतात. बिरोबाच्या ओव्यांतही मेंढरे, रान व पाऊस यांचे उल्लेख वारंवार येतात. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी या मौखिक परंपरेतून वन व गावशिवार यांचे नाते उलगडून दाखविले.

तौलनिक विचार :
हवाई बेटांवरील हुला नृत्यातही असेच नाते दिसते. तेथे नृत्यदेवता लाका हिच्या वेदीसाठी रानातील वेली, नेचे व ओहिआ वृक्षाची लेहुआ फुले आणली जात. १८३० मध्ये राणी काहुमानू हिने सार्वजनिक हुलावर बंदी घातली. १८८३ मध्ये राजा कालाकौआ याच्या राज्याभिषेकात त्यास पुन्हा मान मिळाला. पुढे ओहिआ वृक्षांवर बुरशीजन्य रोग पसरला, तेव्हा २०१६ च्या मेरी मोनार्क महोत्सवात ही फुले न वापरण्याचे आवाहन करण्यात आले. राजाश्रयाने हुलाची प्रतिष्ठा परत आली. मात्र वृक्षांवरील संकट त्याने टळले नाही.

निष्कर्ष :
१९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यानंतर जिल्ह्यात ऊस वाढला, सांगोल्यात डाळिंबाच्या बागा आल्या. शेतीला लाभ झाला. परंतु चराऊ माळ आटला. गजीनृत्य आज रंगमंचावर व मिरवणुकीत दिसते, हे स्वागतार्हच आहे. तथापि कळप, माळ व स्थलांतर नष्ट झाल्यास नृत्याचा वेश व ठेका उरेल, त्यामागील कारण उरणार नाही. म्हणून लोककलेच्या संवर्धनात चराऊ भूमीचे संरक्षणही अंतर्भूत असणे आवश्यक ठरते.