निस्तारापासून विआयनीकृत पाण्यापर्यंत : दवनीवाडा परिसरातील धुण्याच्या पाण्याविषयी काही विचार

गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाड्यासारख्या गावी मोटारगाडी अंगणात उभी करून विंधण विहिरीच्या पाण्याने धुतली आणि उन्हात वाळू दिली, की तिच्या काळ्या पत्र्यावर पांढरे ठिपके उमटतात. ते टाळण्यासाठी शेवटचा हात विआयनीकृत, म्हणजे विरघळलेले क्षार काढून टाकलेल्या, पाण्याने द्यावा, अशी रीत शहरांतील हौशी गाडीमालकांत रूढ होऊ लागली आहे. विषय वरवर पाहता रसायनशास्त्राचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात रस वाटावा याचे कारण निराळे आहे : ज्या मुलखात धुण्याचे पाणी शतकानुशतके तलावाचे होते, तेथे या ठिपक्यांचा प्रश्न मुळात उद्भवला कसा?

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश तलावांचा म्हणून प्रसिद्ध आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून मालगुजारी तलावांची संख्या सहा हजारांवर जाते. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव आणि लहान बोड्या मुख्यतः धानासाठी होत्या, हे सर्वविदित आहे. त्यांच्या दुसऱ्या उपयोगाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. मध्यप्रांताच्या महसुली व्यवहारात ‘निस्तार’ या शब्दाने गावकऱ्यांचे जे हक्क ओळखले जात, त्यांत स्नान, कपडे धुणे व गुरांना पाणी पाजणे यांचा समावेश होई. गावाच्या ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात अशा वहिवाटी नोंदल्या जात. मालक मालगुजार असला तरी पाळीवर धुण्याचा हक्क साऱ्या गावाचा होता. पोळ्यासाठी बैल तलावात न्यावयाचे, तेथेच ते घासून धुवावयाचे. उन्हाळ्यात लाकूड आकसून चाकाची धाव ढिली झाली तर चाक पाण्यात भिजत ठेवावयाचे. गाडी धुण्याची या गावांतील सर्वांत जुनी रीत शोधावयाची झाल्यास ती येथे सापडते.

आता या पाण्याचा गुण पाहावा. तलावात साठते ते पावसाचे वाहून आलेले पाणी. खडकाशी त्याचा सहवास थोडा, म्हणून त्यात विरघळलेले चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षारही थोडे. खोल विहिरीचे पाणी दीर्घकाळ खडकांच्या भेगांतून मुरत आलेले असते. पाण्यांतील हा भेद जाणण्यासाठी आपल्या खेड्यांतील गृहिणीला प्रयोगशाळेची गरज कधीच पडली नाही. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही ते ‘जड’, ही तिची कसोटी होती. ती शास्त्रीय दृष्ट्याही अचूक आहे, कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांमुळेच डाळीचे दाणे कठीण राहतात व साबणाचा साका बनतो.

तलावापासून विंधण विहिरीकडे हा प्रवास दोन टप्प्यांत झाला. मध्य प्रदेश शासनाने 1950 मध्ये मालगुजारी नष्ट करणारा कायदा केला आणि 1951 पासून तो अंमलात आला. तलाव शासनाकडे गेले. मालगुजारीच्या अन्यायाविषयी दुमत नाही; पण दुरुस्ती, गाळ काढणे आणि पाळीने पाणी सोडणे यांची जी गावपातळीवरील घडी होती ती या बदलात विस्कटली, आणि तिच्या जागी तितकीच जवळची दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढे 1956 मध्ये हा भाग मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. दुसरा टप्पा 1972 च्या दुष्काळानंतरचा. त्या काळापासून यंत्राने खडक भेदून हातपंप बसविण्याच्या कामाला राज्यभर वेग आला. रोगजंतूंच्या दृष्टीने हे पाणी तलावाच्या पाण्याहून निःसंशय सुरक्षित होते, आणि त्याने किती बालके वाचविली याचा विसर पडता कामा नये. परंतु घरोघरी विजेचे पंप आल्यावर पिण्याचे व धुण्याचे पाणी एकच झाले, आणि धुण्याचे पाणी जड झाले.

क्षाररहित पाण्याची निकड प्रथम भासली ती वाफेच्या यंत्रांना. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मार्ग 1882 पर्यंत राजनांदगावास पोचला. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो घेऊन रुंद केला व गोंदिया हे पुढे मोठे जंक्शन झाले. जड पाण्याने बाष्पित्रात खपली धरते, उष्णता अडते व कोळसा अधिक जळतो. यास्तव इंजिनाच्या पाण्याची निवड हा रेल्वेच्या हिशेबाचा विषय होता. आजचे उदाहरण जवळच आहे. तिरोड्याच्या 3300 मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक वीजकेंद्राचे संच 2012 ते 2014 या काळात सुरू झाले. अशा उच्च दाबाच्या बाष्पित्रांना विआयनीकृत पाण्यावाचून चालतच नाही. खेड्यांत शुद्ध पाणी पोचले ते मात्र वेगळ्या वाटेने : ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टर यांच्याबरोबर, ‘बॅटरीचे पाणी’ या नावाने, प्लॅस्टिकच्या डब्यांतून.

या विद्येचा उगम शेतीत आहे, ही गोष्ट धानाच्या मुलखातील वाचकांस विशेष वाटेल. खतातील अमोनिया पावसाने वाहून का जात नाही, या प्रश्नाचा शोध घेताना इंग्लंडात टॉम्सन आणि वे यांना 1850 च्या सुमारास आढळले, की माती अमोनिया धरून ठेवते व त्याच्या बदल्यात चुना सोडते. जर्मनीत गान्स यांनी 1905 मध्ये हे तत्त्व पाणी मृदू करण्यास लावले. टेडिंग्टनच्या प्रयोगशाळेत ॲडम्स व होम्स यांनी 1935 मध्ये कृत्रिम राळ बनविली, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत धन व ऋण अशा दोन्ही आयनांना पकडणाऱ्या राळा एकत्र मिसळून पाणी जवळजवळ पूर्ण निःक्षार करणे साध्य झाले.

घरच्या घरी हे करावयाचे तर हिशेब असा. लिटरमागे 400 मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी घेतले, तर एक लिटर मिश्र राळ सुमारे 70 ते 80 लिटर पाणी शुद्ध करील. शेवटच्या हाताला 40 लिटर पाणी लागले, तर दोन धुण्यांतच तिचा दम संपतो. म्हणजे दहा लिटरची नळी घेतली तरी वीसेक धुण्यांची बेगमी. उलट, धुऊन झाल्यावर पत्र्यावर पाव लिटर पाणी राहिले असे धरले, तर त्यातील क्षार भरतात अवघे 100 मिलिग्रॅम. मऊ फडक्याने गाडी सावलीत लगेच पुसली, तर यांतील बहुतेक भाग फडक्यात जातो. मीठ वापरून पाणी मृदू करणाऱ्या यंत्राचा येथे फारसा लाभ नाही. त्यात चुन्याच्या जागी सोडियम येतो, क्षारांचे एकूण प्रमाण घटत नाही. डाग पडतातच, फक्त ते सहज धुऊन निघतात. संपलेली राळ पुन्हा जिवंत करण्यास आम्ल व दाहक सोडा लागतो, आणि ते धुवण अंगणातील नालीने जर बोडीत उतरले तर ज्या तलावाने हा प्रश्न कधी निर्माण होऊ दिला नव्हता त्यालाच त्याची किंमत मोजावी लागेल. ट्रॅक्टर व मोटारी थेट तलावात उतरवून धुणे हेही त्याच जातीचे. निस्ताराच्या वहिवाटीत तेलाचा तवंग कोणी गृहीत धरला नव्हता.

या भागात वर्षाकाठी सुमारे 1300 मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर छपरावर त्याचे 130 घनमीटर पाणी होते, आणि राळेतून काढलेल्या पाण्याच्या जवळपास जाणारे हेच एक पाणी फुकट मिळते. पहिल्या सरी सोडून द्याव्या लागतात, कारण कौलांवरची धूळ, शेवाळ व पक्ष्यांची विष्ठा त्यांत येते. पुढचे पाणी झाकलेल्या पिंपात भरून ठेवले तर दिवाळीपर्यंत गाडीच्या शेवटच्या हातास पुरते. पिंपे अधिक असल्यास संक्रांतीपर्यंत. फाल्गुनात ती रिकामी होतात, आणि मग पुन्हा विंधण विहीर व फडके.