शस्त्रसुरक्षा-शिक्षण, शालेय (वर्धा जिल्हा)

बंदूक किंवा दारूगोळा यांमुळे स्वतःला व इतरांना इजा होऊ नये, यासाठी शाळकरी मुलांना दिले जाणारे शिक्षण. महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रमात सर्वांसाठी असा स्वतंत्र विषय नाही, वर्धा जिल्ह्यातही ते राष्ट्रीय छात्रसेनेच्या (एन.सी.सी.) कनिष्ठ विभागापुरते, म्हणजे जिथे तिचे पथक आहे अशा शाळांतील निवडक मुलामुलींपुरते मर्यादित आहे.

1948 च्या कायद्याने स्थापन झालेल्या या सेनेत पॉइंट टू-टू रायफल शिकवली जाते. गोळीबाराआधी रायफल उघडणे, जोडणे, साफ करणे, भरणे व खाली करणे यांचा सराव डमी राउंडवर, म्हणजे दारू नसलेल्या काडतुसांवर, करून घेतात. नळीचे तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेने ठेवणे आणि हुकमाशिवाय घोड्याला बोट न लावणे हे नियम त्याच सरावात अंगवळणी पडतात. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचे नववे कलम 21 वर्षांखालील व्यक्तीला अग्निशस्त्र बाळगू देत नाही, मात्र विहित वयानंतर प्रशिक्षणापुरता वापर त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने मान्य केला आहे.

ज्या जिल्ह्यात ऑक्टोबर 1937 मधील शिक्षण परिषदेने नई तालीम या हस्तोद्योगकेंद्री शिक्षणपद्धतीची पायाभरणी केली, त्याच जिल्ह्यातील पुलगाव येथे लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. घरोघरी बंदुका नसलेल्या या भागात खरा धोका रायफलीचा नसून दारूगोळ्याचा आहे. भांडारात 31 मे 2016 रोजी पहाटे भीषण आग लागून अधिकारी, जवान व अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. 20 नोव्हेंबर 2018 रोजी सोनेगाव (आबाजी) जवळ निकामी दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण दगावले, त्यांत स्थानिक मजुरांचा भरणा होता. मृतांत मुले नव्हती; तरीही जिथे अशा साठ्याची विल्हेवाट लावली जाते, तिथे न फुटलेला गोळा भंगार समजून उचलला जाण्याची भीती राहते, आणि त्या भीतीला छात्रसेनेच्या रायफल-पाठात उत्तर नाही.

लहान मुलांना बंदुकीपासून दूर राहायला शिकवण्याचा सर्वांत परिचित प्रयोग अमेरिकेतील आहे. तेथील राष्ट्रीय रायफल संघटनेने 1988 मध्ये सुरू केलेल्या 'एडी ईगल' कार्यक्रमात मुलाला थांबणे, हात न लावणे, तिथून निघून जाणे व मोठ्यांना सांगणे अशा पायऱ्या शिकवतात. 2004 मध्ये 'पीडिॲट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार-पाच वर्षांच्या मुलांनी हे नियम तोंडपाठ म्हणून दाखवले, पण प्रत्यक्ष बंदूक समोर आल्यावर ते पाळणे त्यांना जमले नाही. कृतीची तालीम दिलेल्या मुलांचे वर्तन देखरेखीखालील सरावात सरस ठरले, तरी प्रत्यक्ष बंदूक आढळल्यावर तीही कमी पडली. पुलगाव परिसरातील शाळांत असा पाठ द्यायचा झाल्यास फळ्यावरील सूचना अपुऱ्या पडतील. शेतात किंवा नाल्यात अनोळखी धातूची वस्तू दिसल्यावर मागे फिरून शिक्षक वा पोलीस पाटलांना कळवण्याची तालीम, निर्जीव नमुना समोर ठेवून, पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागेल.