विज्ञान भवनाची चैत्यकमान आणि दिल्लीचे धम्मलेख

नोव्हेंबर १९५६ मध्ये युनेस्कोची नववी सर्वसाधारण परिषद दिल्लीत भरली. तिच्यासाठीच विज्ञान भवन उभारण्यात आले. त्याच्या प्रवेशद्वारावर अजिंठ्याच्या चैत्यगृहावरून घेतलेली भव्य कमान आहे. बुद्धपरिनिर्वाणाच्या २५०० व्या वर्षाचा उत्सव देशभर साजरा होत होता, आणि शिक्षण, विज्ञान व संस्कृती यांच्या विचारासाठी आलेले जगभरचे प्रतिनिधी चैत्याच्या दारातून सभागृहात जात होते. ही परिषद ५ डिसेंबरला संपली. ६ डिसेंबरला याच नगरीत, २६, अलीपूर मार्ग येथे बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

तेव्हापासून या भवनात अनेक परिषदा झाल्या. पाहुण्यांना सांगितला जाणारा दिल्लीचा इतिहास मात्र बहुधा सुलतानांपासून सुरू होतो. कमान शोभेची ठरते आणि नगरीतील अशोकाचा शब्द वाचावयाचा राहून जातो.

फिरोजशहा कोटला हे नाव आज क्रिकेटमुळे सर्वतोमुखी आहे. तेथील स्तंभ फिरोजशहाने चौदाव्या शतकात टोपरा गावाहून आणविला. सावरीच्या कापसात लपेटून, बेचाळीस चाकांच्या गाड्यावरून आणि पुढे यमुनेतून नावांवरून तो आला, असे अफीफ या इतिहासकाराने लिहिले आहे. लेख वाचण्यास पंडितांना पाचारण केले. कोणासही अक्षर लागले नाही. तरीही सुलतानावाचून हा स्तंभ कोणी हलवू शकणार नाही असे त्यावर लिहिले आहे, असे काहींनी सांगून टाकले! अज्ञानाला राजाश्रय मिळाला की असे अर्थ निघतात.

खरा अर्थ १८३७ मध्ये उलगडला. प्रिन्सेपने ब्राह्मी अक्षरे लावली. परंतु लेखातील 'पियदसि' त्याला प्रथम सिंहलचा राजा वाटला. टर्नरने दीपवंसाच्या आधारे पियदसि म्हणजे अशोक हे दाखवून दिले. पालि ग्रंथाने शिलालेखाचा कर्ता ओळखून दिला, ही आपल्या अभ्यासशाखेस अभिमानास्पद गोष्ट होय. रस्त्यांवरील वड, विहिरी आणि धम्ममहामात्र यांची माहिती देणारा दीर्घ सातवा लेख पूर्ण स्वरूपात याच स्तंभावर मिळतो.

हा स्तंभ बाहेरून आणलेला आहे, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला उत्तर १९६६ मध्ये मिळाले. कालकाजी मंदिराजवळ, बहापूर येथील एका खडकावर अशोकाचा लघुशिलालेख सापडला. तो खडक कोणी कोठून आणलेला नाही. उपासक झाल्यावर आरंभी आपण फारसा उद्योग केला नाही, संघाच्या सान्निध्यात आल्यावर मात्र केला, असे सम्राट त्यात सांगतो. आणि उद्योगाचे हे फळ केवळ थोरांसाठी नाही, लहानासही ते साध्य आहे, असेही.